कोऱ्या एसएसडीवर डेबियन 13 बसवताना: पार्टिशनच्या पडद्यावर काय केलं, कसं केलं

डेबियन किंवा कुठलंही लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी वापरायची मोफत सिस्टिम, बसवताना भाषा, कीबोर्ड, वेळ, पासवर्ड इथपर्यंत सगळे जण बिनघोर जातात. अडतात ते डिस्कच्या वाटणीपाशी. समोर ‘फ्री स्पेस’ लिहिलेली एक ओळ असते, तिच्या आसपास आपल्या जुन्या डिस्कच्या ओळी असतात, आणि भलत्याच ओळीवर एंटर दाबलं गेलं तर इतक्या वर्षांचे फोटो आणि कामाच्या फाइली जातील अशी धास्ती असते. ऑक्टोबर 2025 मध्ये मी हे काम पुरं केलं. त्या पडद्यापाशी थांबलेल्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

माझा लॅपटॉप 2017 चा. सातव्या पिढीचा आय5 प्रोसेसर, 8 जीबी रॅम आणि आत 1 टीबीची फिरती हार्ड डिस्क. साताऱ्यात घरून हिशेबाचं आणि मराठी टायपिंगचं काम करते, ते याच्यावरच. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट संपणार होते आणि विंडोज 11 च्या अधिकृत यादीत माझा प्रोसेसर नव्हता. नवा लॅपटॉप म्हणजे चाळीस-पंचेचाळीस हजार. जुन्याचा कीबोर्ड, स्क्रीन, सगळं धडधाकट होतं. म्हणून ठरवलं की नवी एसएसडी (फिरत्या भागांशिवायची, वेगवान डिस्क) घालायची, तिच्यावर डेबियन बसवायचं आणि जुन्या डिस्कवरचं विंडोज तूर्त तसंच ठेवायचं. डेबियनची 13 वी आवृत्ती 9 ऑगस्ट 2025 ला आली होती, तीच घेतली.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात एसएसडी आणायला गेले. जाण्याआधी लॅपटॉपच्या कंपनीचं मॅन्युअल उघडून एक गोष्ट पाहून घ्या: एम.2 ची जागा (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) असेल तर ती साटाची आहे की एनव्हीएमईची, म्हणजे डिस्क जोडण्याच्या दोन पद्धतींपैकी कोणती. दोन्ही पट्ट्या दिसायला जवळजवळ सारख्या असतात, पण साटाच्या जागेत एनव्हीएमई चालत नाही. माझ्याकडे साटाची जागा रिकामी होती. 500 जीबीची पट्टी 3,400 रुपयांना मिळाली, बसवून द्यायचे 300 रुपये वेगळे.

दुकानदाराने विचारलं, “मॅडम, फॉरमॅट मारून देऊ का? एनटीएफएस करतो, लगेच वापरता येईल.”

“नको, कोरीच राहू द्या.”

“अहो, मग विंडोजमध्ये दिसायची नाही ती.”

त्याचं बरोबर होतं. (एनटीएफएस ही विंडोजची फाइली मांडून ठेवायची पद्धत.) कोऱ्या डिस्कवर पार्टिशन टेबल, म्हणजे वाटणीची नोंदच नसते, त्यामुळे ‘धिस पीसी’मध्ये ती येत नाही. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडलं की ‘इनिशिअलाइझ डिस्क’ अशी खिडकी येते आणि एमबीआर की जीपीटी (टेबलाचे दोन प्रकार, जुना आणि नवा) असं विचारलं जातं. मी ती खिडकी रद्द केली. लिनक्सचं इन्स्टॉलर हे काम स्वतः करतं. दुकानातून एनटीएफएस करून आणली असती तरी काही बिघडलं नसतं, फक्त ते आधी पुसावं लागलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हाताशी वेळ होता, तो तयारीत घालवला. घाई करावी असं हे काम नाही. आधी सगळ्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्या. रात्री लावून ठेवलं, सकाळी झालं होतं. कॉपी झाल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरला ती डिस्क लावून दहा-बारा फाइली उघडून बघितल्या. एवढी खात्री झाली की पुढची निम्मी भीती जाते. मग विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का ते पाहिलं. माझ्याकडे बंद होतं. तुमच्याकडे चालू असेल तर रिकव्हरी कीचा भलामोठा आकडा कागदावर उतरवून ठेवा, बूटच्या सेटिंगमध्ये काही बदललं की विंडोज तो मागू शकतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद केलं. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून त्या डिस्कवर नीट लिहिता येत नाही.

डेबियनची नेटइन्स्ट नावाची छोटी प्रत (बाकीचं बसवताना इंटरनेटवरून उतरवणारी) उतरवली, 800 एमबीच्या आसपासची. उतरवल्यावर तिची एसएचए256 बेरीज, म्हणजे फाइल अचूक उतरली का ते सांगणारा आकडा, जुळवून पाहिली. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल आधीच असतं, वेगळं काही लागत नाही. मग रूफस नावाच्या प्रोग्रामने ती 16 जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवली. पेनड्राइव्ह 350 रुपयांचा, आणि त्याच्यातलं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा.

तयारीत सगळ्यात उपयोगी पडला तो एक कागद. पार्टिशनचा गोंधळ होतो कारण चार वेगळी कामं एकाच पडद्यावर येतात. नव्या जमिनीचा ले-आउट पाडतात तसं आहे हे. आधी डिस्कवर टेबल बनतं, तो झाला नकाशा. मग पार्टिशन, म्हणजे आखलेले प्लॉट. फॉरमॅट म्हणजे त्या प्लॉटवरचं बांधकाम: ईएक्सटी4, एफएटी32 किंवा स्वॅप. आणि माउंट पॉइंट म्हणजे पत्ता, सिस्टिमने त्याला कोणत्या नावाने ओळखायचं ते. प्लॉट आखला म्हणून लगेच बांधकाम केलंच पाहिजे असं नाही. फॉरमॅट न केलेलं पार्टिशन तसंच पडून राहिलं तर कुणाचं काही नुकसान होत नाही. हे उमगल्यावर माझी धास्ती बरीच कमी झाली.

कागदावर अशी वाटणी लिहिली. ईएफआय, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइलींची जागा, 1 जीबी. रूट, म्हणजे नुसती तिरकी रेघ असलेलं मुख्य पार्टिशन, 60 जीबी. स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली तर वापरायची जागा, 8 जीबी, रॅमइतकं. मग 100 जीबी राखीव, त्याचं काय करायचं ते नंतर ठरवू. उरलेलं सगळं होमला, म्हणजे आपल्या फाइलींना, ते सुमारे 331 जीबी. होम वेगळं ठेवायचं कारण सरळ आहे: उद्या रूट पुसून नवी आवृत्ती बसवली तरी फाइली जागच्या जागी राहतात. टेम्पचं, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचं, वेगळं पार्टिशन करा असं जुन्या लेखांत वाचाल. डेबियन 13 मध्ये टेम्प मुळातच रॅममध्ये असतं, त्याची गरज नाही. ईएक्सटी4 ऐवजी बीटीआरएफएस घ्यावं का, असाही विचार आला होता. पण ईएक्सटी4 2008 पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) आहे, अडचण आली तर उत्तर मिळतं, आणि माझं पोट या मशीनवर आहे. म्हणून ईएक्सटी4.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात दोन्ही डिस्कचे मॉडेल नंबर आणि आकार लिहिले. हे नक्की करा. इन्स्टॉलर डिस्कला एसडीए, एसडीबी अशी नावं देतं आणि ती नावं कायमची नसतात. आकार आणि मॉडेल मात्र बदलत नाही.

23 ऑक्टोबरला भाऊबीज. भाऊ आणि भाचा पुण्याहून आले होते. जेवणं झाल्यावर दुपारी लॅपटॉप काढला. चार्जर लावलेला, इन्व्हर्टर चालू, कारण आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर पहिल्या पडद्याच्या शीर्षकात ‘यूईएफआय इन्स्टॉलर मेनू’ असं लिहून आलं. (यूईएफआय ही मशीन सुरू करायची नवी पद्धत, बायोस ही जुनी.) ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथे बायोस मोड असं आलं, तर मागे जाऊन बूट मेनूतून पेनड्राइव्हची यूईएफआयवाली ओळ निवडा. विंडोज यूईएफआयमधलं आणि लिनक्स जुन्या पद्धतीचं असं झालं तर दोन्ही एका मेनूतून नीट चालवता येत नाहीत.

ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये मराठीही निवडता येते. मी इंग्रजी ठेवली, कारण एखादा संदेश आला तर तो जसाच्या तसा शोधता येतो. इंटरनेटसाठी मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं. इन्स्टॉलरला ते तारेच्या जोडणीसारखं दिसतं, वाय-फायची भानगडच नाही. रूटचा (सिस्टिमच्या मुख्य वापरकर्त्याचा) पासवर्ड विचारतात तिथे रकाना रिकामा सोडला. रिकामा सोडला तरच आपल्या नेहमीच्या वापरकर्त्याला सूडो (गरजेपुरते रूटचे अधिकार) मिळतं.

मग तो पडदा आला. गाइडेडचे पर्याय आणि खाली मॅन्युअल.

“आत्या, गाइडेड घे, सगळं तोच करतो.”

“करेल रे, पण कुठल्या डिस्कवर करतोय ते मला बघायचंय.”

एकच डिस्क असेल आणि ती कोरी असेल तर गाइडेड घ्यायला काहीच हरकत नाही, त्यात कमीपणा नाही. दोन डिस्क असतील आणि एकीवर आपला डेटा असेल, तर मॅन्युअलच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. भाच्याला कागद हातात धरून वाचायला बसवलं आणि मी निवडत गेले.

पडद्यावर एसडीए 1.0 टीबी, खाली तिची पार्टिशनं: 104.9 एमबीचं ईएसपी (ईएफआय सिस्टिम पार्टिशन), 16.8 एमबीचं मायक्रोसॉफ्टचं राखीव, मग मोठी एनटीएफएस. एसडीबी 500.1 जीबी, आणि तिच्याखाली काहीच नाही. मॉडेल नंबर कागदाशी ताडून पाहिला. एसडीबीच्या नावाच्या ओळीवर एंटर दाबलं. ‘नवं रिकामं पार्टिशन टेबल बनवू का’, असं विचारून आलं, डिस्कवरची आधीची पार्टिशनं जातील असा इशाराही होता. कोऱ्या डिस्कवर जाण्यासारखं काही नव्हतं. हो म्हटलं. यूईएफआयमध्ये असल्यामुळे जीपीटी आपोआप झालं. जीपीटीत चारच मुख्य पार्टिशनांची जुनी मर्यादा नसते, म्हणून प्रायमरी की लॉजिकल हा प्रश्न आलाच नाही.

आता एसडीबीखाली ‘फ्री स्पेस’ची ओळ आली. तिच्यावर एंटर, ‘नवं पार्टिशन’, आकार ‘1 जीबी’, जागा ‘सुरुवातीला’. मग त्या पार्टिशनच्या तपशिलाचं पान उघडतं. पहिली ओळ ‘यूज अ‍ॅज’. तिथे ईएफआय सिस्टिम पार्टिशन निवडलं आणि ‘डन’. रूट आणि होमला ईएक्सटी4 आधीच निवडलेलं असतं, माउंट पॉइंट तेवढा तपासायचा. स्वॅपला माउंट पॉइंट नसतोच. राखीव 100 जीबीला ‘यूज अ‍ॅज’मध्ये ‘डू नॉट यूज’ निवडलं, म्हणजे पार्टिशन बनेल पण फॉरमॅट होणार नाही. होमच्या पानावर ‘रिझर्व्ह्ड ब्लॉक्स’ 5 टक्के होतं, ते 1 टक्का केलं. ही जागा रूट वापरकर्त्यासाठी अडवून ठेवलेली असते. रूट पार्टिशनवर ती हवी, पण 331 जीबीच्या होमवर 5 टक्के म्हणजे सोळा जीबीहून जास्त जागा उगाच अडून राहते.

आता ही बारीक गोष्ट, जी मला फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळाली. जुन्या डिस्कवरचं विंडोजचं ईएसपीसुद्धा इन्स्टॉलर आपणहून वापरायला घेतं. तसं राहू दिलं तर डेबियनचा बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) जुन्या डिस्कवर जाऊ शकतो, आणि पुढे ती डिस्क काढली की नवी डिस्क सुरूच होत नाही. म्हणून त्या 104.9 एमबीच्या ओळीवर जाऊन तिथेही ‘डू नॉट यूज’ निवडलं. याने तिच्यातलं काही पुसलं जात नाही, इन्स्टॉलर तिला फक्त हात लावत नाही.

यादीत प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर असतं. एफ म्हणजे फॉरमॅट होणार, के म्हणजे आतला डेटा तसाच राहणार. माझ्या जुन्या डिस्कच्या एकाही ओळीपुढे एफ नव्हता. भाच्याने ते दोनदा वाचलं.

इथपर्यंत डिस्कवर एक अक्षरही लिहिलं गेलेलं नसतं. मागे जाता येतं, केलेले बदल रद्द करता येतात, लॅपटॉप बंद करून उद्या पुन्हा बसता येतं. खरी वेळ येते ती ‘फिनिश पार्टिशनिंग अँड राइट चेंजेस टू डिस्क’ दाबल्यावर. तेव्हा एक पान येतं: कोणत्या डिस्कचं टेबल बदलणार आणि कोणती पार्टिशनं कशी फॉरमॅट होणार, त्याची यादी. माझ्या यादीत टेबल बदलणार ते फक्त एसडीबीचं. फॉरमॅट होणार ती चार: पार्टिशन 1 ईएसपी, 2 ईएक्सटी4, 3 स्वॅप, 5 ईएक्सटी4. चार नंबर यादीत नव्हता, तो तसाच कोरा राहणार होता. खाली ‘नो’ आधीपासून निवडलेलं होतं. मी मोबाइलने त्या पानाचा फोटो काढला, भाऊही येऊन पाहून गेला, मग ‘येस’ केलं. छातीत धडधडत होतं हे खरं.

फॉरमॅट काही सेकंदांत झालं. 331 जीबीला एवढा कमी वेळ कसा, तर फॉरमॅटमध्ये सगळी डिस्क पुसत नाहीत, फक्त फाइलसिस्टिमचा सांगाडा लिहितात. म्हणूनच जुनी डिस्क विकताना नुसतं फॉरमॅट करून देऊ नये, आतलं परत काढता येतं. पुढे डेस्कटॉप म्हणून एक्सएफसीई निवडलं, मोबाइलच्या नेटवर सगळं उतरायला दीडेक तास गेला. तेवढ्यात ओवाळणी उरकली. संध्याकाळी पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि डेबियन उघडलं.

आधी टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके -एफ’ ही डिस्क आणि पार्टिशनांची यादी दाखवणारी आज्ञा चालवली. आज्ञा मी इथे उच्चाराने लिहिते आहे, टाइप करताना इंग्रजीतली छोटी अक्षरं. आता नवी एसएसडी एसडीए झाली होती आणि जुनी डिस्क एसडीबी. नावं अशी बदलतात म्हणूनच सिस्टिम पार्टिशन ओळखते ती यूयूआयडीने, म्हणजे फॉरमॅट करताना मिळालेल्या लांबलचक क्रमांकाने. एसडीए4 च्या ओळीत फाइलसिस्टिमचा रकाना रिकामा होता आणि यूयूआयडीचाही. फॉरमॅटच नाही तर क्रमांक कुठला. ‘-एफ’शिवाय चालवलं तर आकार दिसतात, त्यात 500 जीबीची डिस्क 465.8 दिसते. जागा कुठे गेली म्हणून घाबरू नका, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि ही आज्ञा 1024 च्या. ‘फाइंडएमएनटी’ने (काय कुठे माउंट आहे ते दाखवणारी आज्ञा) बूटचं ईएफआय नव्या डिस्कवरच आहे याचीही खात्री केली.

राखीव पार्टिशनला हात लावला तो रविवारी, 26 ऑक्टोबरला. मागच्या वर्षांचे हिशेब तिथे ठेवायचे ठरवलं, बाहेरच्या डिस्कवरची प्रत असतेच. आधी कोरं असतानाच माउंट करून (वापरायला जोडून) पाहिलं. ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ असा संदेश आला. हा संदेश वाचून डिस्क खराब झाली असं पुष्कळांना वाटतं. नव्या पार्टिशनवर त्याचा अर्थ इतकाच, की फॉरमॅट व्हायचंय.

मग सूडो लावून ‘एमकेएफएस.ईएक्सटी4’ ही फॉरमॅटची आज्ञा, पुढे ‘-एल’ (हा एल तेवढा मोठ्या लिपीतला) आणि लेबल, शेवटी पार्टिशनचा पत्ता. पडद्यावर सुपरब्लॉकच्या (फाइलसिस्टिमच्या मुख्य नोंदीच्या) जादा प्रती कुठे ठेवल्या त्याची यादी आली: 32768, 98304, 163840 आणि पुढे. पहिला सुपरब्लॉक बिघडला तर या प्रतींवरून दुरुस्ती करता येते. एक खूणगाठ बांधा: खरोखर कोऱ्या पार्टिशनवर ही आज्ञा काही न विचारता चालते. ‘इथे आधीच अमुक फाइलसिस्टिम आहे, तरी पुढे जाऊ का’ असं तिने विचारलं, तर हात थांबवा आणि पार्टिशनचा नंबर पुन्हा तपासा.

नव्या फाइलसिस्टिमची मालकी रूटकडे असते, त्यामुळे माउंट केल्यावर फाइल ठेवायला गेले तर परवानगी नाही असं आलं. ‘सीएचओडब्ल्यूएन’ने मालकी माझ्या नावावर केली. आत ‘लॉस्ट+फाउंड’ नावाचं फोल्डर दिसेल, ते असू द्या.

दर वेळी आपोआप माउंट व्हावं म्हणून ईटीसीमधल्या एफएसटॅब फाइलची आधी एक प्रत काढली, मग शेवटी एक ओळ घातली: यूयूआयडी, माउंटची जागा, ईएक्सटी4, ‘डिफॉल्ट्स,नोफेल’, आणि शेवटी 0 आणि 2. यातलं नोफेल विसरू नका. ते नसेल आणि पार्टिशन सापडलं नाही, तर मशीन दीड मिनिट वाट पाहतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. ओळ लिहिल्यावर लगेच रीस्टार्ट न करता ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवलं, मग ‘माउंट -ए’. दोन्हींत तक्रार आली नाही तेव्हाच रीस्टार्ट केलं.

विंडोजही एकदा उघडून पाहिलं, बूट मेनूतून जुनी डिस्क निवडून. सगळं जागच्या जागी होतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये लिनक्सची पार्टिशनं सी, डी अशा अक्षराशिवाय दिसतात, कारण ईएक्सटी4 विंडोजला वाचता येत नाही. कधी ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असा निरोप विंडोजने दिलाच तर रद्द करा. दोन्हीकडून लागणाऱ्या फाइली मी जुन्या डिस्कच्या एनटीएफएसवरच ठेवल्या आहेत, लिनक्सला त्या वाचता-लिहिता येतात.

एकूण खर्च 4,050 रुपये: एसएसडी, बसवणावळ आणि पेनड्राइव्ह. बाहेरची हार्ड डिस्क घरात होतीच, नसेल तर तिचे पैसे धरा. मोबाइलचा डेटा रोजच्या पॅकमध्ये पुरला नाही, वरचं रिचार्ज करावं लागलं, त्यामुळे मोठं डाउनलोड असेल त्या दिवशी आधीच बघून घ्या. आणि राखीव पार्टिशन पुढे पुन्हा फॉरमॅट केलंत तर त्याचा यूयूआयडी बदलतो, एफएसटॅबमधली ओळही त्याच वेळी बदला.